सहाच्या सहा विषारी

दादा, घरातला फोन वाजला की मी अजून दचकते. आता कसला फोन यायचा राहिलाय? यायचा तो येऊन गेला. तरी घंटी वाजली की मी हातातलं टाकून धावते, आणि जवळ पोचल्यावर रिसीव्हर उचलायचा धीर होत नाही. मग आईच पदराला हात पुसत येते आणि उचलते. चुकीचा नंबर असतो, नाहीतर बाबांकडे आंब्याच्या पेट्यांची चौकशी करणारं कोणीतरी. आई फोन ठेवते, माझ्याकडे बघते आणि आत जाते.

शिमगा संपला, पालखी देवळात परत गेली, आणि त्याच आठवड्यात तू गेलास. आता आंब्याची कलमं उतरवून झाली. मधल्या काळात घरी जो आला त्याने एकच वाक्य ऐकवलं. "विनायक फार धीराचा हो. एवढं सोसलं, पण कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही." मी मान हलवायचे. खरंच होतं ते. आपल्या घरात भित्री कोण, तर मुग्धा, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. तू आजारी आणि घाबरायची मी, अशी आपली वाटणीच झाली होती.

तुला ते फुरसं चावलं तेव्हापासूनची वाटणी. तू आठवीची परीक्षा दिली होतीस, मी पाचवीतून सहावीत जाणार होते. बाबा आणि गडी जाळीच्या काठीने, झेल्याने, आंबे उतरवत होते आणि आपण दोघं बागेच्या दगडी गडग्यावर बसून पाय हलवत होतो. तू खाली उतरायला म्हणून चिऱ्यावर डावा हात टेकलास आणि नुसतं "स्स्" केलंस. मला वाटलं काटा गेला. मग मला तो आवाज ऐकू आला. लाकडावर करवत फिरवावी तसा. मातीच्याच रंगाचं, वीतभर, स्वतःचं अंग स्वतःवरच घासत ते दोन चिऱ्यांच्या फटीत वेटोळं घालून बसलं होतं.

"पळू नको," तू मला म्हणालास. "बाबांना हाक मार."

मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. शेवटी तूच हाक मारलीस. गाडीत बाबांनी तुझा हात धरून ठेवला होता. तर्जनी जांभळी पडून फुगली होती आणि मी हुंदके देत होते. तू वैतागून म्हणालास, "अगो, रडतेस काय? चावलंय मला, तुला नाही!"

दवाखान्यात डॉक्टरांनी तुझं रक्त काचेच्या एका नळीत घेऊन उभं करून ठेवलं होतं. थोड्या वेळाने येऊन त्यांनी ती नळी तिरकी केली. रक्त गोठायला हवं होतं. ते पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. डॉक्टरांनी नर्सकडे बघितलं. ती नजर मी बघितली, दादा. तू बघितली नाहीस, कारण तू हिरड्यांतून येणारं रक्त रुमालाला पुसत होतास. तेव्हापासून डॉक्टर काय बोलतात इकडे माझं कधी लक्ष नसतं. ते कोणाकडे बघतात, एवढंच मी पाहते.

इंजेक्शनांनी तू वाचलास. तर्जनी वाकडी राहिली आणि मूत्रपिंडांना धक्का बसला. कोल्हापूरला नेऊन काही दिवस तुझं रक्त मशीनवर धुतलं, मग ती पुन्हा चालू लागली. "जपा याला," एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. कशापासून जपायचं ते काही नीट कळलं नाही.

त्याच सुट्टीत आईचा भाऊ, आपला बोटीवरचा मामा, रजेवर आला. सिंगापूरहून आणलेला हातात मावणारा गेम त्याने तुझ्या अंथरुणावर ठेवला. राक्षस पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी लढवायचं. संघात सहाजण. प्रत्येक राक्षसाला एक जात, क्वचित दोन. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी पानांचा. पाणी आगीला विझवतं, आग पानांना जाळते, अशी प्रत्येकाची दुसऱ्यावर मात. शहाणा खेळाडू सहा जातींचे सहा घेतो, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हे मामाने तुला समजावून सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एक साप पकडलास.

मग एक वटवाघूळ. मग चिखलाचा एक गोळा, ज्याच्या अंगातून हिरवा धूर निघायचा. मामाची रजा संपेपर्यंत तुझ्या संघात सहाच्या सहा विषारी होते. सापाला तू नाव ठेवलंस गडगोबा, वटवाघळाला पाकोळी आणि चिखलाला चिखलू.

आईला ते अजिबात आवडलं नाही. "मेल्या, जगात दुसरे प्राणी नाहीत काय? फुलांचे घे, पाखरांचे घे. हे कशाला घरात?"

"घरात कुठे? डबीत आहेत."

"डबीत तर डबीत. नको म्हणते ना मी!"

"आई," तू वाकड्या बोटाने बटण दाबत म्हणालास, "आता हे माझ्या बाजूने आहेत."

आई तिथून उठून गेली ती देवापुढे जाऊन बसली.

पुढच्या खेपेला मामाने मलाही एक गेम आणला आणि दोन्हींना जोडणारी वायर. तिथून आपली भांडणं सुरू झाली. माझ्या संघात आगीचा घोडा होता, पाण्याचं कासव होतं, दगडी माणूस होता. मी येताक्षणी हल्ला चढवायचे. तू नाही. तू पहिल्या खेपेला समोरच्याला विष द्यायचास आणि नंतर नुसता बचाव करत बसायचास. विष आपलं काम करायचं. पहिल्यांदा थोडंसं, पुढच्या खेपेला त्याहून जास्त, मग आणखी जास्त. माझ्या घोड्याची शक्ती दाखवणारी पट्टी हिरव्याची पिवळी व्हायची, पिवळ्याची लाल. मी काहीही केलं तरी ती उतरतच जायची.

मला तुझी ती पद्धत भयंकर वाटायची. हरण्याची भीती नव्हती मला. त्या पट्टीकडे बघताना मला दवाखान्यातली नळी दिसायची. मी डाव अर्धवट टाकून उठायचे आणि तू ओरडायचास, "पळपुटी! वायर तरी काढून जा!"

तुझ्या संघाची दुखरी नस मी शोधून काढली होती. जमीन हलवणारा एकच राक्षस तुझ्या सगळ्यांना झोपवू शकायचा. एक भूकंप केला की चिखलू गार, गडगोबा गार. फक्त उडणारी पाकोळी तेवढी वाचायची. दुसरे वाईट म्हणजे मनाच्या शक्तीने लढणारे, त्यांच्यापुढेही तुझे लोळण घ्यायचे.

"एक तरी दुसऱ्या जातीचा घे," मी दर वेळी सांगायचे. "एकच. लोखंडाचा घे, नाहीतर पक्षी घे. एक भूकंप झाला तर संपलास ना तू!"

"मग भूकंपाची तयारी ठेवायची."

"पण का? सगळे एकाच जातीचे कशाला?"

त्यावर तू निरनिराळ्या वेळी निरनिराळी उत्तरं दिलीस. दिसायला छान दिसतो. कोणीच करत नाही म्हणून. एकदा मात्र, दहावीच्या सुट्टीत असेल, तू जरा विचार करून म्हणालास, "तुझ्या संघाला सहा प्रकारची दुखणी आहेत. कधी कुठून कोण येईल ते तुला कळत नाही. मला माझं दुखणं माहीत आहे. एकाच दाराशी लक्ष ठेवायचं."

मी म्हटलं, "दार मोडलं तर?"

तू हसलास. ते भांडण तिथेच राहिलं. पुढे किती वेळा काढलं आपण, पण त्याच्या पुढे ते कधी गेलं नाही.

तू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतास तेव्हा मामाने नवा गेम आणला, दोन पडद्यांचा. त्यात एक नवीन प्राणी होता, विषारीही आणि काळोखाचाही. काळोखावर मनाच्या शक्तीचा काही परिणाम होत नाही. म्हणजे तुझ्या दोन दुखऱ्या जागांपैकी एक कायमची बुजणार होती. तू त्याच्या मागे लागलास. कॉलेजातून आलास की पडवीत बसून तेच. एका संध्याकाळी तो सापडला आणि तू "काळू! काळू आला!" करत उडी मारून उभा राहिलास. मी चहाचे कप घेऊन येत होते. तू पायमोजे काढून ठेवले होतेस. तुझ्या घोट्यांवर मोज्यांच्या वळ्या इतक्या खोल रुतलेल्या होत्या की मी कप खाली ठेवले.

"पाय सुजलेत तुझे."

"बसून बसून झालं असेल. तू बघ ना हा काळू!"

मी वाकून तुझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तो भरेना. तू गेममध्ये बघत होतास. मी बघत होते त्या खड्ड्याकडे. आईला हाक मारायची होती आणि पुन्हा तसंच झालं, आवाज फुटेना.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि बाबांकडे बघितलं. बोलायच्या आधी. मला कळलं.

मग तुझं मशीन सुरू झालं. आठवड्याला दोनदा कोल्हापूर. पहाटेची एसटी, आंबा घाट, दवाखाना, परत एसटी. कधी बाबा, कधी आई, सुट्टी असेल तेव्हा मी. येताना फार उशीर झाला तर तिथेच भाड्याच्या खोलीवर मुक्काम. घाटात गाडी वळली की मला दरीकडे बघवत नसे आणि तू गेममध्ये अंडी उबवत बसलेला असायचास. चांगल्या स्वभावाचा राक्षस हवा तर आधीच्यांची अंडी मिळवायची, गेममधल्या माणसाला त्या अंड्यासकट मैलोन्‌मैल चालवायचं, ते फुटलं की पिल्लाचा स्वभाव बघायचा, नको असेल तर सोडून द्यायचं आणि पुन्हा दुसरं अंडं. गडगोबाचा नवा अवतार मिळवण्यात तू एक अख्खा पावसाळा घालवलास.

एसटीत आईने विचारलं होतं, "आता काय चाललंय?"

"अंडी उबवतोय."

"शिव शिव! आज संकष्टी रे!"

शेजारच्या बाकावरची बाई हसून हसून बेजार झाली. आईसुद्धा हसली. त्या रस्त्यावर आई हसल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

पाणी मोजून प्यायचं. मीठ नाही. नारळपाणी नाही. आणि आंबा नाही. आंब्याने रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं, असं आहाराच्या बाईंनी सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीतून उठून बाहेर गेले. त्यांच्या उभ्या आयुष्याची कमाई ती कलमं, आणि त्यांच्याच मुलाला त्यातली एक फोड चालत नव्हती. मे महिन्यात घरभर पेंढ्यात आंब्यांची अढी लागलेली असायची. त्या वासात तू कसा राहायचास? मी दाराआड चोरून खायचे आणि मला प्रत्येक घास विषासारखा वाटायचा. तू एकदा पकडलंस मला. म्हणालास, "इथे ये आणि समोर बसून खा. कसा आहे ते नीट सांग." मी रडत रडत सांगितलं. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, "जरा आंबट आहे म्हणजे. बाबांना सांग, घाई केली."

मग ते दुसरं भांडण. आईला साखर, बाबांना रक्तदाब. म्हणून माझ्या तपासण्या झाल्या आणि माझं मूत्रपिंड तुला चालेल असं निघालं. मला किती भीती वाटली होती ते सांगू? सुईला घाबरणारी मी. पण त्या भीतीच्या खाली, पहिल्यांदाच, काहीतरी भक्कम लागलं होतं. आता मला करण्यासारखं काहीतरी होतं.

तू पडवीत झोपाळ्यावर बसला होतास. मी कागद तुझ्या मांडीवर ठेवला.

"नाही," तू वाचूनही न बघता म्हणालास.

"नाही काय? डॉक्टर म्हणतात."

"डॉक्टर म्हणू देत. माझ्या संघात बाहेरचा चालत नाही."

"थट्टा करू नको!"

"बरं, नाही करत. पण नाही."

"का? मला कारण सांग. एक कारण सांग."

तू झोपाळ्याला पायाने रेटा दिलास. "तुझी परीक्षा होऊ दे. आंबे उतरू देत. मे महिन्यात बोलू."

मी चिडून म्हटलं, "तू कशालाच घाबरत नाहीस ना, म्हणून तुला कळत नाही आम्हाला काय होतं ते."

तू पुन्हा पायाने रेटा दिलास. झोपाळ्याच्या कड्या वाजत राहिल्या. ते आपलं शेवटचं भांडण. त्यानंतरची बोलणी सगळी साधी होती. औषध घेतलंस काय, एसटी मिळाली काय.

शिमग्यानंतर तुला ताप भरला. मशीनच्या नळीतून जंतू रक्तात गेला होता. आई-बाबा तुझ्याबरोबर कोल्हापूरला, मी घरात एकटी, दुसऱ्या दिवशी पेपर. फोन मीच घेतला. बाबा म्हणाले, "मुग्धा, शेजारच्या काकूंना बोलाव आधी." एवढंच. काकूंना बोलाव म्हणजे काय ते मला कळलं, आणि या खेपेला आवाज फुटला.

आता तुला ठाऊक नाही ते सांगते. त्यासाठीच लिहायला बसलेय.

मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी, फाटकाशी रिक्षा थांबली. आई दारापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत घालत होती, मी तिला सालं पसरून देत होते. पाठीला पिशवी लावलेला एक उंच, सावळा मुलगा उतरला. आमच्याकडे बघून मोठ्याने, अगदी खुशीत म्हणाला, "नमस्कार काकू! फुरसं इथंच राहतं का?"

आईच्या हातातलं ताट पडलं. ती झटकन मला धरून मागे सरली आणि पायाखाली बघू लागली. त्या मुलाचा चेहरा उतरला. "नाही, नाही काकू, घाबरू नका. म्हणजे विनायक. आम्ही त्याला तिकडं फुरसं म्हणतो. त्यानंच नाव घेतलंय ते. मी कराडचा. सुहास. त्यानं बोलावलंय मला."

मला उलगडा झाला. मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत तू जायचास तेव्हा इंटरनेटवर एक जागा होती, जिथे एकाच जातीचे संघ घेऊन खेळणारे जमायचे. तुझ्यासारखे वेडे जगात आणखी आहेत हे कळल्यावर तुला कोण आनंद झाला होता! त्यात एक होता जमिनीच्या जातीचा. सहाच्या सहा भूकंपवाले. तू त्याला नुसतं 'कराड' म्हणायचास. "आज कराडने झोपवलं." "आज कराडला विष पचलं नाही." म्हणजे नेमका तुझ्या मुळावर येणारा माणूस तू मित्र म्हणून निवडला होतास. त्याला तू आंबे खायला आणि समोरासमोर एक डाव खेळायला बोलावल्याचं आम्हाला सांगितलं नव्हतंस. आणि त्याला आमचं कोणीच काही कळवलं नव्हतं. कळवणार कोण, आम्हाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

आई अजून मला धरून होती. मी म्हटलं, "दादा गेला. शिमग्यानंतर."

"कुठं गेला?" त्याने विचारलं. मग त्याने आईकडे बघितलं आणि तो तिथेच खळ्याच्या कडेला, उन्हात, पिशवीसकट खाली बसला.

आईने त्याला आत नेलं. पाणी दिलं, जेवायला वाढलं. तो चार घास खाऊन उठला. मग पडवीत येऊन मला म्हणाला, "त्याचा संघ आहे का अजून? मला एकदा बघू द्याल? बाकी काही नको."

तुझा गेम मी कपाटात ठेवला होता. इतके दिवस हात लावला नव्हता. सुरू केला आणि सहाहीजण ओळीने समोर आले. मी त्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही खेळाल? त्याच्याकडून?"

मी नको म्हणणार होते. पण कोल्हापूरच्या त्या एसटीत तुझ्या खांद्यावरून मी जेवढं बघितलं होतं तेवढं कोणीच बघितलेलं नव्हतं. मी बसले. त्याने पिशवीतून आपला गेम काढला. आता वायरही लागत नाही.

माझे हात इतके थरथरत होते की पहिल्या खेपेला भलतंच बटण दाबलं गेलं. त्याने भूकंप केला. चिखलू गेला. मी पाकोळी काढली, तू काढायचास तशी. तिने त्याच्या एका राक्षसाला विष दिलं. मी बचाव केला, पुन्हा बचाव केला. त्याची पट्टी उतरायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की तो मला मारत नाहीये. दगड फेकून पाकोळीला एका फटक्यात पाडता आलं असतं, पण तो उगाच फुटकळ काहीतरी करत होता.

"नीट खेळा," मी म्हटलं. "तो असता तर चिडला असता."

त्याने मान डोलावली आणि नीट खेळला. पाकोळी गेली. विषारी काट्यांचा तुझा गुलाब आणि त्याच्यामागचा एक, दोघेही गेले. गडगोबाने त्याचे दोन घेतले आणि मग तोही गेला. काळू शेवटपर्यंत टिकला. एका भूकंपातून तर कसाबसा, पट्टीवर लाल रेघ उरली होती एवढाच. मग तोही पडला. आपण हरलो, दादा. त्याचे दोन उरले होते.

गेम मांडीवर ठेवून सुहास म्हणाला, "हात तुमचे अगदी त्याच्यासारखेच थरथरतात."

"त्याचे कुठे थरथरायचे?" मी म्हटलं. "तो कशाला घाबरेल! घाबरट मी."

तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला. "आवो, तो लय घाबरायचा."

"कोण?"

"विनायक. मशीनच्या आदल्या दिवशी तो हटकून यायचा तिथं. पहिलंच वाक्य असायचं, 'उद्या पुन्हा. हात थरथरतायत. एक डाव टाक.' कधी कधी मधेच थांबायचा, काही लिहायचाच नाही. मी वाट बघायचो. मग लिहायचा, 'आहे इथंच.' सुया टोचताना तो डोळे मिटून आमचे डाव आठवायचा, म्हणाला होता. मला वाटलं घरी सगळ्यांना माहीत असेल."

मी तुझा गेम मिटून ठेवला. मग मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला होता? त्या ऑपरेशनबद्दल?"

"एकदाच." तो खाली बघत होता. "म्हणाला, 'बहीण टेबलावर झोपली आणि उठलीच नाही तर? हा विचार आला की मला रात्र काढता येत नाही.' मी म्हटलं, तिला सांग की हे. तर म्हणाला, 'तिला नको.'"

दुपारच्या गाडीने तो गेला. आईने त्याला पिशवी फाटेस्तोवर आंबे दिले. रिक्षा वळली तरी ती फाटकाशी उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. मला ते एकटीच्या पोटात ठेवणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "आई, दादा घाबरायचा. तो सांगत होता. दर वेळी घाबरायचा म्हणे."

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. फाटकाची कडी लावत म्हणाली, "ठाऊक आहे मला. कोल्हापूरच्या खोलीवर माझा पदर मुठीत धरून झोपायचा. एवढा घोडा, पण सोडायचा नाही. बाबांपाशीही रडलाय दोन-तीनदा."

"मग मला का नाही सांगितलंत कोणी?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, मुग्धाला कळता नये. ती आधीच किती घाबरते."

ती आमसुलं गोळा करायला वाकली. मी तशीच उभी राहिले. मला तुझा राग आला, खूप राग आला. नऊ वर्षं मी या घरात एकटी भित्री म्हणून वावरले. तू मला बरोबर घेतलं असतंस तर आपण दोघं मिळून घाबरलो असतो. बाजूबाजूला बसून. मे महिन्यात तुला हे सांगितलं असतं मी. भांडले असते. आणि कदाचित तू हो म्हणाला असतास. कदाचित नसतासही. हे आता कोणाला विचारू?

मग राग ओसरला आणि मला ते सगळे प्रसंग एकेक करून पुन्हा दिसू लागले. गाडीतला, आंब्याच्या फोडीचा, घाटातला, झोपाळ्यावरचा. म्हणजे आईपुढे तू घाबरलास, बाबांपुढे घाबरलास, कधी न बघितलेल्या कराडच्या मुलापुढे घाबरलास. आणि मी खोलीत पाऊल टाकलं की शूर झालास. दर वेळी. एकदाही न चुकता.

किती जड गेलं असेल रे तुला, दादा.